लढाईआधीचा अधिकार

डिसेंबर १७८० च्या पहिल्या आठवड्यात, पेरूच्या डोंगराळ मुलखातील तुंगासुका या गावाहून मिकाएला बास्तीदास हिने आपल्या नवऱ्याला एक पत्र धाडले. नवरा म्हणजे होसे गाब्रिएल कोंदोर्कांकी, ज्याने तुपाक अमारू हे जुन्या इंका राजाचे नाव धारण करून महिनाभरापूर्वीच स्पॅनिश अंमलाविरुद्ध उठाव पुकारला होता. पत्राचा मायना प्रेमाचा आहे, पण मजकूर खडसावणारा आहे. त्या गावागावांतून रेंगाळू नकोस, तिथे करण्यासारखे काही नाही, हे मी तुला पुरेसे बजावले होते. सैनिक कंटाळतात, शिधा संपला की घराकडे वळतात. तू कुस्कोवर, म्हणजे जुन्या इंका राजधानीवर, तडक चालून जाण्याचा शब्द दिला होतास आणि आता शत्रूला तयारीला सवड देतो आहेस, असा त्याचा आशय आहे. एवढ्या गंभीर कामात तुझी ही ढिलाई पाहून मी स्वतःच शत्रूच्या हवाली व्हायला तयार आहे, इथपर्यंत तिने लिहिले आहे.

या पत्रातला युद्धाचा अंदाज अचूक होता. १८ नोव्हेंबरला सांगारारा येथे उठाववाल्यांनी मोठा विजय मिळवला होता आणि कुस्कोचा रस्ता मोकळा होता. तुपाक अमारू मात्र दक्षिणेकडे वळला, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो कुस्कोच्या वेशीशी पोचला तेव्हा शहरात कुमक येऊ लागली होती, तटबंदी झाली होती आणि त्याच्याच भाऊबंदांपैकी अनेक स्थानिक सरदार स्पॅनिशांच्या बाजूने उभे होते. जानेवारीत त्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या चार महिन्यांत त्याचे सगळे संपले.

वसाहतवाद्यांशी लढलेल्या मूलनिवासी स्त्रियांविषयी वाचायला लागल्यापासून मी या पत्राकडे पुन्हा पुन्हा वळतो. आपल्याकडे रणरागिणी म्हटले की घोड्यावरची, हातात तलवार उपसलेली मूर्ती डोळ्यांसमोर येते, आणि तिची थोरवी सांगताना ती पुरुषासारखी लढली असे आपण कौतुकाने म्हणतो. मिकाएलाच्या पत्रात तलवार नाही. शिधा आहे, सैनिकांचा पगार आहे, कोणत्या बाजूने शत्रू येऊ शकतो याची खबर आहे आणि वेळ हातातून निसटत असल्याची तगमग आहे. तुंगासुकाच्या ठाण्यावर बसून ती नेमके हेच काम करत होती. उठावाच्या मुलखातून ये-जा करणाऱ्यांना परवाने देणे, गावोगावच्या प्रमुखांना माणसे घेऊन हजर राहण्याचे हुकूम सोडणे, धान्य, कोकाची पाने, बंदुका आणि दारूगोळा गोळा करून पुढे पाठवणे, नद्यांवरच्या पुलांवर पहारे बसवणे, हुकूम मोडणाऱ्यांना शिक्षा करणे, हे सारे तिच्या हातात होते. तिने लेखनिकांकरवी पाठवलेल्या या कागदांच्या आधारेच पुढे तिच्यावर खटला चालला. तिच्या आज्ञांचा धाक नवऱ्याच्या आज्ञांपेक्षा अधिक होता, अशा अर्थाच्या साक्षीही त्या खटल्यात झाल्या.

हा उठाव कशासाठी होता तेही सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय त्यातल्या स्त्रियांचे स्थान कळत नाही. स्पॅनिश जिल्हाधिकारी, ज्याला कोरेहिदोर म्हणत, तो आपल्या हाताखालच्या गावांना खेचरे, कापड आणि असलाच नको असलेला माल मनमानी भावाने सक्तीने विकत असे आणि त्याची वसुली मारझोड करून होत असे. पोतोसीच्या चांदीच्या खाणींत पाळीपाळीने वेठीला माणसे पाठवावी लागत, त्यातली कित्येक परत येत नसत. त्यात नवे कर आणि जकात नाकी वाढली. या सगळ्याचा भार घरावर, म्हणजे घर चालवणारीवर पडत होता. सक्तीने गळ्यात मारलेल्या कापडाची किंमत विणकाम करून, धान्य विकून तिलाच फेडावी लागे. ४ नोव्हेंबर १७८० रोजी कोंदोर्कांकीने तिंता प्रांताचा कोरेहिदोर अरियागा याला पकडले आणि सहा दिवसांनी तुंगासुकाच्या चौकात फाशी दिले, तेव्हा उठावात बाया सामील झाल्या याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

मात्र सामील होणे वेगळे आणि हुकूम सोडणे वेगळे. मिकाएलाचा हुकूम लोकांनी का मानला, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तिच्या बाजूला उभ्या असलेल्या तोमासा तितो कोंदेमाइता या दुसऱ्या स्त्रीकडे पाहिले की मिळते. तोमासा ही आकोस गावची कुराका होती. कुराका म्हणजे मुलखाचा वंशपरंपरागत प्रमुख. कर गोळा करणारा, वाद मिटवणारा, जमिनीचे वाटप पाहणारा. तोमासाला हे पद कोणाची बायको म्हणून मिळालेले नव्हते, ते तिचे स्वतःचे होते. अँडीज पर्वतातील समाजात मालमत्ता आणि मान आईकडून मुलीकडे जाण्याची रीत इंका काळापासून होती, आणि स्पॅनिश कायद्याने ती बरीच आवळली तरी अठराव्या शतकापर्यंत ती पुरती मेली नव्हती. तोमासाने उठावाला पैसा दिला, माणसे दिली आणि आपल्या भागातला पूल राखण्याच्या लढाईत स्वतः नेतृत्व केले. तिचे लोक तिच्या मागे गेले, कारण त्याआधीही ते तिच्याच शब्दावर चालत होते. लढाईने तिला अधिकार दिला नाही. तो आधीपासून होता, तो फक्त लढाईकडे वळला.

मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि पुढच्या बहुतेक उदाहरणांत मला तेच दिसते. या स्त्रिया संकट आले म्हणून अचानक उगवलेल्या नव्हत्या. त्यांच्या समाजात शांततेच्या काळात बाईच्या हाती जे होते, म्हणजे जमीन, बाजार, देवकार्य, वारस ठरवण्याचा हक्क, त्यातूनच त्यांचे सेनापतिपद आले. आणि जिंकणाऱ्या साम्राज्याने बाईला मारून भागवले नाही, ती ज्यावर उभी होती तो आधारही त्याने मोडला.

कुस्कोत हे अगदी उघड दिसते. १८ मे १७८१ रोजी शहराच्या मुख्य चौकात तुपाक अमारूच्या कुटुंबाला आणि साथीदारांना मारण्यात आले. तोमासाला गळा आवळून मारले. मिकाएलाच्या डोळ्यांदेखत तिच्या थोरल्या मुलाची, इपोलितोची, जीभ कापून त्याला फाशी दिले. मिकाएलाच्या वेळी गळा आवळण्याचे यंत्र तिच्या बारीक मानेला पुरेसे आवळले जाईना, म्हणून मारेकऱ्यांनी तिच्या गळ्यात दोर टाकून दोन्ही बाजूंनी ओढले आणि लाथा घालून तिचा जीव घेतला. धाकटा फेर्नांदो, वय वर्षे बारा-तेरा, याला हे सारे पाहायला लावले आणि पुढे स्पेनला नेऊन कैदेत टाकले. ही क्रूरता अनेकांनी लिहिली आहे. माझे लक्ष मात्र आरेचे या स्पॅनिश अधिकाऱ्याने दिलेल्या निकालपत्राच्या उरलेल्या भागाकडे जाते. वंशपरंपरागत कुराकापद बंद, इंका वेश घालायला बंदी, शंख फुंकायला बंदी, इंका राजांच्या आठवणी जागवणाऱ्या नाटकांना बंदी, केचुआ भाषा सोडून स्पॅनिश शिकण्याची सक्ती. मृत्युदंड नऊ माणसांना झाला, पण कुराकापदावरच्या घावानंतर तोमासासारखी दुसरी तोमासा होण्याची वाट बंद झाली.

त्याच वर्षी दक्षिणेला, आजच्या बोलिव्हियात, आयमारा लोकांनी ला पास शहराला वेढा घातला होता. १३ मार्च १७८१ रोजी सुरू झालेला हा वेढा पहिल्या खेपेस १०९ दिवस चालला. त्याचा प्रमुख हुलियान आपासा, ज्याने तुपाक कातारी हे नाव घेतले होते, तो कोका आणि कापडाचा फिरता व्यापारी. त्याची बायको बार्तोलिना सिसा हीदेखील विणकर आणि व्यापारी घरातली. ला पास हे खोल दरीत वसलेले आहे आणि वेढ्याची मुख्य छावणी वर एल आल्तोच्या पठारावर होती. खाली शहरात लोक उपासमारीने मरत होते, वर हजारो माणसे बायकामुलांसह तळ देऊन होती आणि त्यांना रोज जेवू घालायचे होते. कोणत्या गावात किती साठा आहे, कोणती वाट खेचरांना सोसते, कोणत्या मोसमात कुठला माल मिळतो, हे माहीत असलेला माणूस अशा वेळी शंभर तलवारींच्या मोलाचा असतो, आणि फिरता व्यापार करणाऱ्या बार्तोलिनाला ते माहीत होते. कातारी दुसरीकडे असे तेव्हा छावणीचा हुकूम तिचा चाले.

कातारीची बहीण ग्रेगोरिया आपासा ही सोराता शहराच्या वेढ्यात होती. तिथे उठाववाल्यांनी डोंगरातले पाणी बांध घालून अडवले आणि ऑगस्ट १७८१ मध्ये तो बांध फोडून शहराची तटबंदी वाहून नेली. शहर पडल्यावर कैद्यांचा न्यायनिवाडा झाला, त्या वेळी तुपाक अमारूच्या घराण्यातला सेनापती आंद्रेस तुपाक अमारू याच्या बरोबरीने ग्रेगोरिया बसली होती. पुढे तिच्यावर झालेल्या खटल्यात हे बरोबरीने बसणे फार खुपलेले दिसते.

बार्तोलिना जुलैच्या सुरुवातीला फितुरीने पकडली गेली. वर्षभर तिला कोठडीत ठेवले, आणि सुरुवातीला तिला पुढे करून कातारीला जाळ्यात ओढण्याचे प्रयत्न झाले. नोव्हेंबर १७८१ मध्ये कातारीला चार घोड्यांना बांधून फाडण्यात आले, आणि ५ सप्टेंबर १७८२ रोजी बार्तोलिना आणि ग्रेगोरिया या नणंद-भावजयींची ला पासमधून धिंड काढून त्यांना फाशी दिले. त्यांची मस्तके आणि हात, ज्या ज्या ठिकाणी त्यांनी सभा घेतल्या होत्या आणि तळ दिले होते, तिथे तिथे खांबांवर लावण्यात आले. मूलनिवासी स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस ५ सप्टेंबरला असतो, तो बार्तोलिनाच्या या मृत्युदिनावरूनच. १९८३ मध्ये तियाहुआनाको येथे जमलेल्या अमेरिकेतील मूलनिवासी संघटनांनी तो ठरवला.

माझ्या म्हणण्याला न जुळणारे एक उदाहरणही मला मांडलेच पाहिजे. टास्मानियाच्या वायव्येकडील टॉमेगिनी लोकांमध्ये साधारण १८०० च्या सुमारास जन्मलेली तारेनोरेरर ही कोणत्याही पदाची वारस नव्हती. लहान वयातच दुसऱ्या टोळीने तिला पळवले आणि बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर सील मारणाऱ्या गोऱ्यांना विकले. ते तिला वॉलियर म्हणत. त्या काळात बेटांवर अशा कित्येक बाया राबत होत्या. सील मारणे, पक्षी पकडणे, कातडी साफ करणे आणि मालकाचा मार खाणे हे त्यांचे आयुष्य होते. तारेनोरेररने तिथे दोन गोष्टी शिकून घेतल्या, इंग्रजी भाषा आणि बंदूक.

१८२८ मध्ये ती आपल्या मुलखात परतली. ते वर्ष टास्मानियातल्या संघर्षाच्या सर्वांत भीषण वर्षांपैकी एक होते. मेंढपाळ वसाहतकऱ्यांनी शिकारीची मैदाने बळकावली होती, मूलनिवासी दिसेल तिथे मारले जात होते आणि नोव्हेंबरात सरकारने लष्करी कायदा पुकारला. तारेनोरेररने वेगवेगळ्या टोळ्यांतील स्त्रीपुरुष एकत्र केले आणि त्यांना जे शिकवले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या काळची बंदूक ठासणीची. एक गोळी झाडली की काडतूस दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, चापापाशी थोडी दारू टाकायची आणि मग पुन्हा नेम धरायचा. सराव असलेल्या शिपायालाही यात वीस-पंचवीस सेकंद लागत, घाबरलेल्या मेंढपाळाला त्याहून कितीतरी जास्त. लांबून पाहणाऱ्याला बंदूक म्हणजे अखंड मृत्यू वाटते. तिने ती जवळून हाताळली होती, म्हणून तिला त्यातली पोकळी ठाऊक होती. आवाज झाला की पळू नका, आवाज झाला की धावून जा, कारण तेवढ्या वेळात तो माणूस निःशस्त्र असतो, हे तिने आपल्या लोकांना शिकवले. गोऱ्यांची मेंढरे आणि बैल मारा, हेही तिनेच सांगितले, कारण त्या मुलखात त्यांचे पाय रोवले होते ते जनावरांच्या जोरावर.

टेकडीवर उभी राहून ती हल्ल्याची रचना करते, वसाहतकऱ्यांना शिव्या घालते आणि हिंमत असेल तर भाल्यापुढे या असे आव्हान देते, ही हकीकत सील मारणाऱ्यांनी जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन याला सांगितली आणि त्याच्या दैनंदिनीत ती उरली. रॉबिन्सनकडे सरकारने मूलनिवासींना गोळा करून बेटांवर नेण्याचे काम दिले होते. १८३० च्या अखेरीस ती दुसऱ्या नावाखाली त्याच्या ताब्यात आली. तिच्या कुत्र्यावरून आणि बरोबरच्या बायकांच्या बोलण्यातून तिची ओळख फुटली. ती इतरांना बंडाला उठवील या भीतीने तिला वेगळे ठेवले गेले आणि ५ जून १८३१ रोजी इन्फ्लुएन्झाने ती बेटावरच वारली. तिच्याविषयी आपल्याला जे कळते ते जवळजवळ सगळे तिला पकडणाऱ्याच्या हातचे आहे, आणि त्याने तिला खुनशी म्हटले आहे. तिच्या बाबतीत अधिकार वारशाने आला नाही, गुलामीत मिळालेल्या ज्ञानातून आला. तिचा दाखला माझ्या विधानात बसत नाही, तरी तो वगळून विधान गुळगुळीत करावे असे मला वाटत नाही.

अमेरिकेच्या नैऋत्येकडील अपाची लोकांमधील लोझेनचा अधिकार आणखी निराळ्या प्रकारचा होता. चिहेने अपाचींचा प्रमुख व्हिक्टोरियो हा तिचा भाऊ. अपाचींच्या श्रद्धेप्रमाणे माणसाला तपाने एखादी शक्ती लाभते, कोणाला घोड्यांवरची, कोणाला जखमा बऱ्या करण्याची, आणि ती लाभण्यात स्त्रीपुरुष हा भेद नसतो. लोझेनला शत्रू कुठे आहे हे जाणण्याची शक्ती होती. ती हात पसरून, तळवे वर करून, उसेन या निर्मात्या देवाची प्रार्थना म्हणत सावकाश गोल फिरे, आणि ज्या दिशेला तळव्यांना झिणझिण्या येत त्या दिशेला शत्रू आहे असे सांगे. यावर आज कोणी काय विश्वास ठेवायचा तो ठेवावा. तिच्या लोकांचा विश्वास होता आणि त्या विश्वासामुळे ती युद्धाच्या सल्लामसलतीत बसत होती, जिथे इतर बायकांना सहसा जागा नसे. तिने लग्न केले नाही. लोझेन माझा उजवा हात आहे, तिच्या लोकांची ती ढाल आहे, असे व्हिक्टोरियो म्हणत असे, ही आठवण त्या काळी लहान मूल असलेल्या जेम्स केवेक्ला याने म्हातारपणी सांगितली.

केवेक्लाच्याच आठवणींत एक प्रसंग आहे. सैन्य पाठीवर असताना बायकामुलांचा जथा रिओ ग्रांदे नदीशी अडला. नदीला पूर होता, कोणी घोडे पाण्यात घालायला धजत नव्हते. लोझेन बंदूक डोक्यावर धरून पुढे आली, तिने घोड्याला टाच मारून पाण्यात घातले आणि तिच्यामागून सगळे उतरले. एक घोडा धारेला लागला तर तिने त्यालाही वळवून काठाला आणले. पैलतीरी पोचल्यावर तिने बायकांना कोरडे होऊन पुढे कुठे जायचे ते सांगितले, जथा केवेक्लाच्या आजीच्या हाती सोपवला आणि आपण लढणाऱ्यांकडे परत गेली. ऑक्टोबर १८८० मध्ये मेक्सिकोतील त्रेस कास्तियोस येथे व्हिक्टोरियो आणि त्याची माणसे मारली गेली तेव्हा ती तिथे नव्हती, कारण एका बाळंतिणीला तिच्या माणसांत पोचवायला ती वाळवंटातून निघाली होती. लोझेन असती तर घात झाला नसता, असे अपाची म्हणत राहिले. पुढे ती जेरोनिमो या अपाची नेत्याबरोबर शेवटपर्यंत लढली, १८८६ मध्ये दाहतेस्ते या दुसऱ्या लढवय्या स्त्रीबरोबर तहाच्या बोलण्यासाठी दूत म्हणून गेली, आणि शरण आलेल्या सगळ्यांबरोबर रेल्वेने फ्लोरिडाला युद्धकैदी म्हणून रवाना झाली. अलाबामातील माउंट व्हर्नन बराकीत १८८९ मध्ये क्षयाने तिचा अंत झाला. डोंगर आणि वाळवंट हेच जिचे शस्त्र होते तिला दमट दलदलीच्या मुलखात डांबले, यात तिची शक्तीही काढून घेतली गेली असे मला वाटते.

अमेरिकेतल्याच शायेन या मूलनिवासी लोकांचे एक उदाहरण थोडक्यात सांगतो. १७ जून १८७६ रोजी मोंटानातील रोजबड ओढ्याकाठी जनरल क्रुकच्या सैन्याशी झालेल्या लढाईत बफेलो काफ रोड वूमन हिने गोळ्यांच्या वर्षावात घोडा घालून, घोडा मेल्याने एकटा सापडलेल्या आपल्या भावाला उचलून आणले. अमेरिकन इतिहासात ती रोजबडची लढाई. शायेन तिला मुलीने भावाला वाचवले ती लढाई म्हणतात. आठच दिवसांनी लिटल बिगहॉर्नला अमेरिकन सेनानी जनरल कस्टर पडला, त्या लढाईतही ती होती. कस्टरला घोड्यावरून पाडणारा तडाखा तिचाच, असे शायेन कथेकऱ्यांनी २००५ मध्ये जाहीरपणे सांगितले. सूड उगवला जाईल या भीतीने तोवर शंभराहून अधिक वर्षे त्यांनी याविषयी मौन पाळले होते.

आता पश्चिम आफ्रिकेकडे वळतो, कारण माझा मुद्दा तिथे सर्वांत स्पष्ट होतो. आजच्या घानामधील असांते लोकांत वंश आईकडून मोजला जातो. प्रत्येक प्रमुखाबरोबर एक राजमाता असते. ती त्याची सख्खी आई असेलच असे नाही, पण त्याच घराण्यातली वडील स्त्री असते, आणि गादी रिकामी झाली की पुढचा प्रमुख कोण हे नाव ती सुचवते. तिचे स्वतःचे आसन असते, तिचा दरबार असतो, आणि प्रमुखाला तोंडावर चूक दाखवण्याचा तिला हक्क असतो. याआ असांतेवा ही एजिसूची राजमाता होती. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी असांतेचा राजा पहिला प्रेम्पे याला पकडून हद्दपार केले, त्याच्याबरोबर एजिसूचा प्रमुख, म्हणजे याआ असांतेवाचा नातू, हाही गेला. त्यानंतर एजिसूचा कारभार तिच्याकडेच आला. ही गादी तिने बळकावली नाही. प्रमुख नसताना ती सांभाळणे राजमातेच्या कामातच येते.

२८ मार्च १९०० रोजी ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन याने असांतेची राजधानी कुमासी येथे असांते प्रमुखांची सभा भरवून सोन्याचे आसन कुठे आहे आणि या क्षणी मी त्यावर का बसलेलो नाही, असे विचारले. त्याला ते सिंहासन वाटत होते. असांते लोकांच्या लेखी त्या आसनात साऱ्या राष्ट्राचा आत्मा वसतो. त्यावर राजादेखील बसत नाही, आणि ते जमिनीला टेकूही देत नाहीत. सभेत कोणी ओरडले नाही. लोक शांतपणे उठून गेले आणि युद्धाची तयारी सुरू झाली. त्या वेळी साठीच्या आसपास असलेल्या याआ असांतेवाला युद्धाची प्रमुख नेमण्यात आले.

एप्रिलअखेर कुमासीचा किल्ला वेढला गेला आणि आत गव्हर्नर, त्याची पत्नी, मिशनरी आणि शिपाई अडकले. असांते सैन्याने कुमासीकडे येणाऱ्या वाटांवर झाडांचे जाड ओंडके रचून, बांधून, मध्ये माती भरून मोर्चे उभारले. जंगलातली वाट वळण घेते तिथे आडोशाला असलेला असा मोर्चा तोफेच्या माऱ्यालाही दाद देत नसे. २३ जूनला हॉजसन कसाबसा निसटला, जुलैत मोठी कुमक आली, आणि तरीही लढाई वर्षाच्या उत्तरार्धापर्यंत धुमसत राहिली. पुरुष लढाईवर असताना गावातल्या बायका रोज एकत्र येऊन विधिपूर्वक गाणी म्हणत गावातून फेऱ्या काढत; ते त्यांचे युद्धातले काम होते आणि ते केले नाही तर लढणाऱ्यांचे बळ ओसरते अशी धारणा होती. याआ असांतेवा १९०१ मध्ये पकडली गेली. तिला सेशेल्स बेटांवर पाठवले गेले आणि १७ ऑक्टोबर १९२१ रोजी ती तिथेच वारली. सोन्याचे आसन ब्रिटिशांना कधीच मिळाले नाही.

युद्धानंतर जे झाले ते मला युद्धाइतकेच महत्त्वाचे वाटते. ब्रिटिशांनी असांते प्रदेश खालसा करून स्थानिक प्रमुखांमार्फत कारभार चालवला, पण प्रमुख म्हणजे पुरुष एवढेच त्यांनी धरले. राजमातेशी बोलणे नाही, तिला मान्यता नाही, तिच्या दरबाराला अधिकार नाही. दोन दशकांनंतर रॅट्रे हा ब्रिटिश मानववंश अभ्यासक तिथे काम करत होता. इतकी वर्षे या मुलखात काढूनही बायकांचे हे स्थान मला कसे कळले नाही, असे त्याने वडीलधाऱ्यांना विचारले. त्यांनी सांगितले की गोऱ्या माणसाने आम्हाला हे कधी विचारलेच नाही. तुमचा व्यवहार फक्त पुरुषांशी, तेव्हा तुमच्या लेखी बायकांना मोल नसेल असे आम्ही धरून चाललो. ज्या सरकारला एका राजमातेशी लढायला सैन्य उभे करावे लागले, त्याच सरकारच्या कागदांतून राजमाता हे पद वीस वर्षांत दिसेनासे झाले होते.

असांतेच्या पूर्वेला दाहोमी राज्यात स्त्रियांचे कायमचे खडे सैन्य होते आणि १८९० ते १८९४ च्या दरम्यान फ्रेंचांशी झालेल्या लढायांत त्यांच्या शौर्याने फ्रेंच अधिकारी थक्क झाले. अलीकडे त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या शौर्याला मी मान देतो, पण ते राज्य शेजारच्या लोकांना धरून गुलाम म्हणून विकत आले होते आणि त्या मोहिमांत हे स्त्रीसैन्यही असे, हे सांगितल्याशिवाय त्याचे कौतुक करणे मला जमत नाही. शत्रू वसाहतवादी होता एवढ्याने लढणाऱ्याचा सारा इतिहास धुऊन निघत नाही.

शेवटचे नाव आपल्या देशातले. मणिपूरच्या डोंगराळ भागातील रोंगमेई नागा समाजात २६ जानेवारी १९१५ रोजी जन्मलेली गाइदिन्ल्यू तेरा वर्षांची असताना आपला चुलतभाऊ जादोनांग याच्या पंथात आली. जादोनांग जुन्या धर्माला नवे रूप देत होता आणि त्याचबरोबर नागांचे राज्य येईल, असे सांगत होता. इंग्रज सरकार डोंगरातल्या प्रत्येक घराकडून घरपट्टी घेई, शिवाय साहेब दौऱ्यावर आला की त्याचे सामान गावकऱ्यांना फुकट वाहावे लागे. २९ ऑगस्ट १९३१ रोजी जादोनांगला इंफाळमध्ये फाशी दिले. त्यानंतर पंथाची सूत्रे सोळा वर्षांच्या या मुलीकडे आली, आणि ती आली ती धर्माच्या वाटेने. लोक तिला देवीचा अंश मानत होते, तिच्या हातचे मंतरलेले पाणी नेत होते. तिने कर देऊ नका, ओझी वाहू नका, असे सांगितले आणि गावांनी ऐकले. आसाम रायफल्सच्या ठाण्यावर हल्ला झाला, गावे जाळली गेली, तिच्यावर बक्षीस लागले, आणि १७ ऑक्टोबर १९३२ रोजी पुलोमी गावात, लाकडी किल्ला बांधण्याचे काम चालू असताना ती पकडली गेली. तिला जन्मठेप झाली.

१९३७ मध्ये पंडित नेहरू तिला शिलाँगच्या तुरुंगात भेटले, त्यांनी तिला राणी म्हटले आणि तिच्या सुटकेसाठी ब्रिटनमधल्या संसद सदस्यांपर्यंत प्रयत्न केले, पण सुटका १९४७ मध्येच झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती स्वातंत्र्यसैनिक म्हणून येते आणि तिची गोष्ट तिथेच थांबते. प्रत्यक्षात त्यानंतरही काही वर्षे तिला स्वतःच्या गावी परतता आले नाही. पुढे नागा राष्ट्रवादी चळवळीशी तिचे पटले नाही, कारण त्या चळवळीत ख्रिस्ती झालेल्या नागांचे प्राबल्य होते आणि आपला जुना धर्म त्यात बुडेल अशी तिची धारणा होती. १९६० मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा भूमिगत झाली, या वेळी इंग्रजांविरुद्ध नव्हे, आणि तिच्याजवळ शस्त्रधारी माणसे होती. १९६६ मध्ये भारत सरकारशी समझोता करून ती बाहेर आली. झेमे, लियांगमाई आणि रोंगमेई या तिन्ही समाजांचा मिळून एक वेगळा प्रशासकीय विभाग असावा, ही मागणी तिने अखेरपर्यंत लावून धरली. सरकारने तिला ताम्रपट दिला, १९८२ मध्ये पद्मभूषण दिले, आणि १७ फेब्रुवारी १९९३ रोजी ती वारली तेव्हा ती मागणी मान्य झालेली नव्हती.